एकाच आकृतीची थोड्या थोड्या फरकाची पन्नास कोडी: गोचा सराव असा करावा का?

कळंबाकाठ

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात गो खेळणारे किती असतील माहीत नाही, पण या कट्ट्यावर दोघं-तिघं तरी आहेत हे जुन्या प्रतिसादांवरून दिसलं. म्हणून धागा काढतोय.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आडव्या-उभ्या १९-१९ रेघांचा पट. रेघा जिथं छेदतात तिथं खडे ठेवायचे, म्हणजे ३६१ जागा. एकाचे काळे, एकाचे पांढरे. घेरा टाकून जागा मिळवायची. वेढ्यात सापडलेल्या गटाला आत दोन स्वतंत्र रिकामी घरं राखता आली, तर तो जिवंत. त्या घरांना डोळे म्हणतात. दोन डोळे झाले नाहीत तर गट मेला.

आता प्रश्न. मी आणि माझी आठवीतली मुलगी रोज संध्याकाळी अर्धा तास कोडी सोडवतो. आधी ॲपवर दहा वेगवेगळी कोडी करायचो. गेल्या महिन्यापासून मी पद्धत बदलली. जाड कागदाची कार्डं कापली, त्यावर एकच आकृती काढतो आणि दर कार्डात एवढासाच फरक करतो. उदाहरणार्थ, कडेपासून दुसऱ्या रेघेवर काळ्या खड्यांची सलग रांग, दोन्ही टोकांना आणि वरून पांढऱ्याचा वेढा. सहा खडे असतील तर गट मेलेला, आठ असतील तर जिवंत, आणि सात असतील तर ज्याची पाळी त्याचं राज्य. मग तीच रांग सरकवून कोपऱ्याला टेकवायची. तिथं चार मरतात, सहा जगतात, पाचाला पाळी बघायची.

मंगळवारी मुलीनं सात खड्यांचं कार्ड बघितलं आणि बघताक्षणी म्हणाली, "मेला." मी विचारलं, "पाळी कुणाची?" ती गप्प. कार्डावर मी लिहिलंच नव्हतं. मग स्वतःच बोटानं मोजायला लागली: पांढरा इकडून आत येणार, मी अडवणार, तो तिकडून येणार, मी अडवणार, आत उरली तीन घरं, त्याची पाळी, तो मधल्या घरात बसणार. "आणि माझी पाळी असली तर चार उरतात बाबा!" तो चेहरा मला विसरता येत नाही.

पण घरात मतभेद आहेत. बायकोचं म्हणणं, ही शुद्ध घोकंपट्टी आहे. मुलगीही मधून मधून "तेच तेच" म्हणते. मला मात्र मनापासून वाटतंय की यात काहीतरी आहे. तुमचा अनुभव काय?

तांबडापांढरा

"गोचा सराव" वाचून मला वाटलं गोठ्याचा विषय आहे, म्हणून दुधाचे दर बघायला आत आलो. इथं सात खडे मेलेत आणि पाळी कुणाची तेच ठरेना. लई भारी धागा, वाचतोय.

मोकळीचाल

मी चार वर्षं ऑनलाइन खेळतोय. २०१६ च्या मार्चमध्ये अल्फागो या संगणक प्रोग्रामनं कोरियाच्या नामांकित खेळाडूला, ली सेडोलला, ४-१ नं हरवलं, ते सामने बघून नाद लागला. स्पष्ट सांगतो, मला ही पद्धत पटत नाही.

कोडं समोर आलं की तुम्हाला आधीच कळलेलं असतं की इथं काहीतरी आहे. डावात कोण येऊन सांगतं, "थांब, इथं मारता येईल"? शिवाय एकाच आकृतीची पन्नास कार्डं केली की पंधराव्या कार्डापासून माणूस वाचायचं सोडतो आणि नुसतं ओळखतो. गोमध्ये चाल मनातल्या मनात पुढं वाचत न्यायची असते. ओळख पटली की वाचन थांबतं. तेवढ्या वेळात दोन डाव खेळा, हरलेला डाव परत मांडून बघा. माझा खेळ त्यानं सुधारला.

स्वरवेडी

मला गो येत नाही, तरी लिहिल्याशिवाय राहवेना, कारण हा तर पलट्यांचा प्रश्न आहे!

मी गाणं शिकते. आमच्या बाई पहिली दोन वर्षं पलट्यांवरच ठेवतात. सारेग रेगम गमप. मग तोच पलटा भूपात म्हणायचा. भूपात मध्यम-निषाद नाहीत, म्हणून सारेग रेगप गपध. गळा सवयीनं मध्यमाकडं जातो आणि तिथंच पकडला जातो. ती जी ठेच लागते ना, तिथं शिकणं होतं. भूप झाला की देशकार. स्वर तेच पाच, पण धैवताचं वजन वेगळं, चलन वेगळं. एका स्वरावर जरा जास्त रेंगाळलं की राग हातातून निसटतो.

उस्ताद अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात होते, म्हणून या गावाला जयपूर-अत्रौलीची गायकी ऐकायला मिळाली. त्या गायकीतल्या ताना ऐका. एकच नमुना जागा बदलत बदलत, वळणं घेत समेवर येतो. नुसत्या पाठांतरातून ते येणं शक्य नाही. आणि पलटे न घोटताही येणार नाही.

कळंबाकाठ, मुलीला "तेच तेच" वाटतंय ते खरं असेल. मलाही वाटायचं. बाई विचारायच्या, "आत्ताच्यात आणि मघाच्यात काय बदललं ते आधी सांग, मग म्हण." तेवढ्या एका प्रश्नानं कंटाळा जायचा.

लालमाती

माझं वय ६७. तालमीत वाढलो. आता गुडघे नाहीत म्हणून नातवाबरोबर पटावर बसतो. आमच्यात पट काढतात, तुमच्यात पट मांडतात, एवढाच फरक.

मोकळीचाल, तुमचं एक बरोबर आहे. नुसते डाव घोटून कुस्ती येत नाही, जोडीदाराशी लढत करावीच लागते. पण पुढचं ऐका. पट काढायचा म्हणजे समोरच्याचा पाय धरून त्याला उचलायचा. वस्ताद आम्हाला दिवसभर एकच पट काढायला लावायचे, पण जोडीदार बदलून. एक उंच, एक बुटका आणि जड, एकाचं वजन पुढच्या पायावर, एकाचं मागच्या. डाव तोच. पण बुटक्याला उंच माणसासारखा धरायला गेलात की तो वरून बसलाच म्हणून समजा. आठवडाभरानं हातच सांगायला लागायचा की आज वाकायचं किती. मग लढतीत विचार करायला वेळ लागत नव्हता. विचार आधीच मातीत करून झालेला असायचा.

खासबागेत बसून कुस्त्या बघितलेल्या माणसाला हे सांगायला लागत नाही. ते मैदान शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलं. तिथं वर बसलेला प्रेक्षकसुद्धा ओरडतो, "पाय मागं घे!" कारण तो आकार त्यानं हजार वेळा बघितलेला असतो.

नाद_खुळा_९९

आजोबा, विषय हार्ड!! "विचार आधीच मातीत करून झालेला असायचा." स्टेटसला ठेवतोय.

आक्का_राजारामपुरी

स्वरवेडी आणि लालमाती काका, दोघांनाही अनुमोदन. पण दुसरी बाजू मांडते, कारण आमच्या घरात ती दुखरी जागा आहे.

मुलाला दुसरीत असताना एका गणिताच्या क्लासला घातलं होतं. रोज दोनशे बेरजा, सगळ्या एकाच साच्यातल्या, घड्याळ लावून. फरक काहीच नाही, फक्त आकडे वेगळे. तीन महिन्यांत पोरगा वेगानं करायला लागला, आम्ही खूश. एक दिवस मी त्याला विचारलं, "सतरामध्ये किती मिळवले की पंचवीस होतील?" तो माझ्याकडं बघत राहिला. बेरीज येत होती, पण प्रश्न फिरवला की काही सुचत नव्हतं. मग क्लासच्या वेळेला रडायला लागला. आम्ही काढून घेतलं. आज तो सहावीत आहे आणि गणित म्हटलं की अजून खांदे आखडतात.

म्हणून सांगते, "सारखी सारखी" कोडी आणि "थोडा फरक असलेली" कोडी यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. लांबून दोन्ही एकसारखीच दिसतात, आणि आईबाप म्हणून आपण तिथंच चुकतो.

कळंबाकाठ

आक्का, हे वाचून खूप वाईट वाटलं. आज संध्याकाळी कार्डं घ्यायच्या आधी मुलीला विचारणार आहे की तिला खरंच हवंय का.

स्वरवेडी, "काय बदललं ते आधी सांग" हे मी आजपासूनच सुरू करतो.

शिरोलीचा_साचा

फौंड्रीत पॅटर्न विभागात २२ वर्षं आहे. गो मला भाच्यानं शिकवला. माझा अनुभव आक्कांच्या शेवटच्या वाक्याला धरून आहे.

एकाच पंपाच्या बॉडीची हजारो कास्टिंग केली. मग गिऱ्हाइकानं ड्रॉइंग बदललं. काय बदललं? एका भिंतीची जाडी थोडी वाढवली. बाकी सगळं तेच. नवीन पोरांनी जुन्याच जागी रायझर, म्हणजे थंड होताना कमी पडणारं मेटल पुरवणारा साठा, ठेवला आणि मेटल ओतलं. कापून बघितलं तर आत श्रिंकेजची पोकळी. जाड जागा सगळ्यात शेवटी थंड होते, आणि ती आता सरकली होती. ज्यानं नुसतं "या पार्टला रायझर इथं" एवढं पाठ केलं होतं, तो फसला. ज्यानं आधी पाच-सहा जाड्यांचे पार्ट हाताळले होते, त्यानं ड्रॉइंग बघूनच बोट ठेवलं, "आता इथं भरणार."

गोमध्ये शिडीचं अगदी असंच आहे. अटारी (म्हणजे पुढच्या चालीत वेढून उचलतो, ही धमकी), पळ, अटारी, पळ, असा तिरका जिना पटभर पळत जातो. लांब पलीकडच्या कोपऱ्याजवळ एक खडा असतो. तो वाटेत आला तर शिडी फुटते. तोच खडा एक घर बाजूला सरकवा, शिडी चालते. भाचा मला तो एक खडा सरकवून सरकवून वीस वेळा विचारायचा. आता डावात अटारी द्यायच्या आधी डोळे आपोआप त्या कोपऱ्याकडं जातात.

वर्गातली_फळी

मानसशास्त्र शिकवते, म्हणून दोन गोष्टींची भर घालते.

१९७८ मध्ये केर आणि बूथ यांनी मुलांवर एक प्रयोग केला होता. आठ वर्षांच्या मुलांनी छोटी पिशवी फेकून नेम साधायचा. एका गटानं सराव केला तीन फुटांवरून. दुसऱ्या गटानं दोन आणि चार फुटांवरून. तीन फुटांवरून एकदाही नाही. परीक्षा मात्र सगळ्यांची तीन फुटांवरून. दुसरा गट सरस ठरला. ज्या अंतराचा सरावच नव्हता, त्या अंतरावर!

दुसरी गोष्ट मोकळीचाल यांच्या "ओळखतो" या शब्दासाठी. १९७३ मध्ये चेस आणि सायमन यांनी बुद्धिबळपटूंना काही सेकंद पट दाखवून पुन्हा मांडायला लावला. खऱ्या डावातली स्थिती असेल तर कसलेला खेळाडू नवशिक्यापेक्षा खूपच पुढं होता. सोंगट्या कशाही विखुरल्या की ती आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे ओळखणं हे वाचनाचं शत्रू नाही. ओळखीचे तुकडे हाताशी असले की वाचायला डोकं मोकळं राहतं.

मोकळीचाल

फळीबाई, ओळख हवीच, हे मान्य. माझी भीती चुकीच्या ओळखीची आहे. "हा आकार माझा पाठ आहे" म्हणून न वाचता चाल टाकली आणि बाहेर एक लिबर्टी (गटाला लागून असलेली मोकळी जागा) कमी होती म्हणून अख्खा कोपरा गेला, असं माझं परवाच झालं.

कळंबाकाठ

मोकळीचाल, अहो, मी जे म्हणतोय ते हेच तर आहे! कोपऱ्यातल्या सहा घरांच्या आयताचं उदाहरण घ्या. कोपऱ्याला टेकून काळ्यानं आत दोन बाय तीन अशी सहा रिकामी घरं धरली आहेत, भोवती पांढऱ्याचा वेढा, पाळी पांढऱ्याची. आतली आकृती जशीच्या तशी ठेवायची आणि फक्त बाहेर काळ्याच्या मोकळ्या लिबर्टी किती तेवढं बदलायचं. एकही नसेल तर काळा मरतो. एक असेल तर को होतो, म्हणजे एकेक खडा आलटून पालटून उचलायची झटापट, ज्यात लगेच परत उचलायला मनाई असते. दोन असतील तर काळा जिवंत.

तीन कार्डं, आत काडीचाही फरक नाही, आणि उत्तरं तीन. माझी मुलगी लिबर्टीला "श्वास" म्हणते. पहिल्या कार्डावर तिनं "मेला" सांगितलं, दुसऱ्यावरही घाईत "मेला." मी काही बोललो नाही, दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवली. ती बराच वेळ आतच बघत होती. मग नजर बाहेर आली. "याला एक श्वास जास्त आहे." तुमच्या कोपऱ्यात जे झालं ते पुन्हा होऊ नये म्हणून याहून चांगला सराव मला तरी दिसत नाही.

मोकळीचाल

हं. हे मला नव्यानं कळलं. मी ही तिन्ही रूपं वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या ठिकाणी सोडवली आहेत, पण शेजारी ठेवून कधीच नाही.

तरी माझा पहिला मुद्दा सोडत नाही. कार्डांच्या गड्ड्यात काही कार्डं अशी घाला जिथं काहीच करायचं नाही. गट आधीच जिवंत आहे, किंवा आधीच मेलाय, इथं चाल टाकली तर वाया. उत्तर: "दुसरीकडं खेळ." डावात निम्म्या चुका माझ्या अशाच होतात. जिवंत गटाला पुन्हा जीव द्यायला जातो.

लालमाती

हे बेस्ट सांगितलंत. वस्ताद पण म्हणायचे, पाय दिसला म्हणजे धरायलाच पाहिजे असं नाही.

दोनडोळे

उशिरा आलो. कोडिंग करतो, म्हणून एक युक्ती सांगतो. चौकोनी पट फिरवून आणि आरशात उलटवून एकाच स्थितीची आठ रूपं होतात. रंगांची अदलाबदल केली की सोळा. उत्तर बदलत नाही, दिसणं बदलतं. २०१७ च्या अल्फागो झीरोला शिकवताना प्रत्येक स्थिती अशीच फिरवून-उलटवून वापरली होती. यंत्रालासुद्धा ते लागलं!

यामुळं "उजव्या वरच्या कोपऱ्यातलं चित्र" पाठ होत नाही. पण कळंबाकाठ, हा फरक आणि तुमचा फरक वेगळे ठेवा. फिरवल्यानं उत्तर तेच राहतं, खडा सरकवल्यानं बदलू शकतं. गड्डीत दोन्ही मिसळली की मुलीला दर वेळी ठरवावं लागेल की हा नुसता वेष बदललाय की माणूसच बदललाय.

घरी काटागो (गो खेळणारा संगणक प्रोग्राम) चालवता येत असेल तर कार्डं बनवताना तपासून घ्या. माझ्या हातून एकदा चुकीचं उत्तर लिहिलेलं कार्ड भाच्याकडं गेलं होतं.

तांबडापांढरा

काटागो??? नाव ऐकूनच कळलं, बनवणाऱ्यानं काटाकिर्र मिसळ खाल्लेली आहे.

नाद_खुळा_९९

अवांतर: पट आणि खडे कोल्हापुरात मिळतात का कुठं?

शिरोलीचा_साचा

मी सुताराकडून प्लायवर करून घेतला. सांगताना एक ध्यानात ठेव भावा, खऱ्या पटाची घरं पूर्ण चौकोनी नसतात, खेळणाऱ्याच्या दिशेनं किंचित लांब असतात. बसून तिरकं बघितलं की मग ती चौकोनी दिसतात. आमच्या सुतारानं गुण्यात बसवून अगदी चौकोनी आखला, तरी खेळायला काही अडत नाही. खडे म्हणून महाद्वार रोडवरून दोन रंगांची मोठी बटणं आणली. पूर्ण संचात काळे १८१, पांढरे १८० लागतात. शिकायला नऊ बाय नऊचा पट घे, तेवढ्याला दोन्ही रंगांची चाळीस-चाळीस पुरतात.

स्वरवेडी

धागा वाचून मी काल नऊ बाय नऊ शिकले! कुणीतरी मला ते "तीन घरं, मधलं घर" नीट समजावा ना.

आक्का_राजारामपुरी

मी सांगते, मलाही परवाच कळलंय. आत सलग तीन रिकामी घरं आहेत. तुमची पाळी असेल तर मधे बसा, दोन्ही बाजूंना एकेक डोळा, जगलात. त्याची पाळी असेल तर तोच मधे बसतो, दोन डोळे होतच नाहीत. सलग चार असतील तर मधली घरं दोन. त्यानं एक घेतलं की तुम्ही दुसरं. म्हणून चाराला भीती नाही. पण चार घरं चौकोनात असतील तर मात्र मेलेलीच! हे बघून मुलगा म्हणाला, "आई, चारच आहेत की, मग का?" आणि स्वतःच बटणं घेऊन मांडायला बसला. अर्धा तास उठला नाही. मला तेवढंच सांगायचं होतं.

वर्गातली_फळी

आक्का, किती छान!

कळंबाकाठ

धागा काढून पाच आठवडे झाले, मूळ प्रश्नावर परत येतो.

मुलीला विचारलं होतं. ती म्हणाली, करायचं, पण रोज एकाच आकृतीची दहापेक्षा जास्त कार्डं नकोत, आणि काही कार्डं ती बनवणार. ही तिची अट सगळ्यात कामाची ठरली. उत्तर बदलेल असा खडा शोधायचा म्हणजे आधी आकृती पुरती समजावी लागते. मोकळीचाल यांचं ऐकून "दुसरीकडं खेळ" कार्डं घातली, दोनडोळे यांच्यासारखी फिरवलेलीही घातली. शनिवार-रविवार कार्डं बंद, फक्त डाव.

काल तेरा बाय तेरावर खेळताना मी तिच्या कोपऱ्यात शिरलो. मला वाटलं ती लगेच अडवणार. तिनं हात पुढं नेला, थांबली, गटाच्या बाहेरून बोट फिरवत ओठांतल्या ओठांत मोजलं, "एक, दोन," आणि पटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन माझाच गट तोडला. कोपरा जिवंत होता. मी दोनदा वाचून बघितलं. तो डाव मी साडेअकरा गुणांनी हरलो.

बायकोनं आज स्वतःहून एक कार्ड मागून घेतलंय.

लालमाती

पोरीला माझ्याकडून शाबासकी सांगा. येत्या रविवारी सकाळी रंकाळ्यावर या की सगळे. मी नातवाला आणतो, साचेवाले प्लायचा पट आणतील.

मोकळीचाल

मी येतो. कार्डांचा गड्डा नक्की आणा. आणि सात खड्यांच्या कार्डावर पाळी कुणाची ते लिहू नका, तसंच राहू द्या.